कचरावेचक मावशींना बंद करून गाडी लावायची का?

प्रश्न : नमस्कार ताई, पुण्यात आमची मोठी सोसायटी आहे. दारोदार कचरा घ्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या दोन मावशी येतात, घरटी महिन्याचे पैसे देतो. आता कमिटी म्हणतेय त्यांना बंद करून खासगी गाडी लावू, गाडीवाला ओला-सुका सगळा एकत्र नेतो, शिवाय मावशी गेटजवळ कचरा पसरून बसतात ते बरं दिसत नाही. सस्टेनेबल शहर म्हणतात त्यात गाडीच बसते ना? – एक वाचक

उत्तर : नाही, मावशींना काढू नका, अगदी मनापासून सांगतेय. एकत्र कचरा दाबून भरला की आमटी-भाजी, चहाचा चोथा सगळं पुठ्ठ्याला आणि दुधाच्या पिशव्यांना लागतं, मग तो माल भंगारवाला घेत नाही, म्हणजे जे विकलं गेलं असतं तेच फेकायला न्यायचं भाडं आपण भरायचं. वर ओला कचरा ढिगात हवेशिवाय कुजून मिथेन नावाचा हवा तापवणारा वायू होतो, आणि त्याचं काळं पाणी जमिनीत मुरतं. पुण्याचा कचरा जिथे नेऊन टाकायचे त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी हे वर्षानुवर्षं भोगलंय, विहिरी खराब झाल्या, वास, माश्या, म्हणून तर त्यांनी कितीदा पुण्याच्या कचरागाड्या अडवल्या.

आता मावशींचं बघा. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची युनियन झाली, तेव्हा या बायका कुंड्या आणि उकिरडे उपसून पोट भरायच्या. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन त्या दारोदार यायला लागल्या, मालकीही त्यांचीच. कमाई दोन बाजूंनी, घरांकडून येणारे पैसे आणि सुका माल विकून मिळतात ते, आणि जेवढा माल त्या बाजूला काढतात तेवढा शहराचा वाहतुकीचा खर्च वाचतो. पर्यावरण, पैसा आणि माणसाची इज्जत तिन्ही एकाच ढकलगाडीवर आहे हो, ह्यापेक्षा सस्टेनेबल काय पाहिजे?

गेटजवळ पसारा दिसतो हे मात्र खरंय, पण त्यांनी बसायचं कुठे? प्लॅनमध्ये बाग, शाळा, पार्किंग सगळ्यांना जागा असते आणि कचरा वेगळा करायच्या शेडचं नाव काढलं की प्रत्येक वॉर्ड म्हणतो आमच्याकडे नको, मग ते काम फुटपाथवर येतं आणि बोल मात्र मावशींना. माझ्या मते शहर नियोजनातली ही मोठी चूक आहे, आणि ती तुम्ही तुमच्या कंपाउंडमध्ये सुधारू शकता. पार्किंगचा एक कोपरा, वर पत्रा, एक नळ, एक दिवा, एवढं दिलंत तरी पसारा गेटवरून हलेल.

ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करा, ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीच शक्य तिथे ते करायला सांगितलं होतं. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, नाहीतर ते मावशींना हाताने उघडून बघावं लागतं, विचार करा जरा.

आणि कमिटीच्या पुढच्या मीटिंगला दोघींनाही बोलवा, कुठल्या मजल्यावरून कचरा मिसळून येतो ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.