चेन आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस (सेकंडहँड बीएमडब्ल्यू घेणाऱ्यांसाठी)

मित्रा गाडी मस्तच आहे, पण ज्याने तुला 'चेन आहे म्हणजे लाइफटाइम' असं सांगितलंय त्याचं काही ऐकू नकोस. चेन म्हणजे टायमिंग चेन, पिस्टन जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखणारी इंजिनातली साखळी. चेन पण सैल होते, आणि तिला धरून ठेवणारे गाइड बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात, ते उष्णतेने ठिसूळ होऊन तुटतात. एन ४७ या बीएमडब्ल्यूच्या डिझेल इंजिनमध्ये तर चेन इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे पार्ट परवडला तरी मजुरी रडवते. चेन दात सोडून सरकली की उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन येऊन आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, मग हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्याशिवाय पर्याय नाही.

बघायला जाशील तेव्हा मालकाला आधीच सांग गाडी सुरू करून ठेवू नका, बॉनेटला हात लावून खात्री कर आणि थंड इंजिन तुझ्यासमोर स्टार्ट करायला लाव. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत, असं झालं तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा पार्ट) किंवा चेनवर संशय घे. स्कॅनरवर पी ००१६ हा एरर कोड आला म्हणजे क्रँक आणि कॅमचं जुळत नाहीये, कधीकधी नुसता सेन्सर गंडलेला असतो, पण ते मेकॅनिकने तपासून सांगू दे, विकणाऱ्याने नाही.

इंजिनच्या बाहेरचा, अल्टरनेटर वगैरे फिरवणारा बेल्ट पण किरकोळ समजू नकोस हां. एन ५४, एन ५५ पेट्रोल इंजिनमध्ये ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट गळलं की तेल बेल्टवर येतं, बेल्ट सुटून त्याच्या चिंध्या होतात आणि क्रँकच्या पुढच्या सीलमधून थेट इंजिनात खेचल्या जाऊ शकतात. टॉर्च मारून तिथे तेलकट डाग दिसतात का बघ, दिसले तर भाव पाडून घे नाहीतर सोड.