कादंबरीतला वाडा आणि गावातला वाडा

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. गेल्या दिवाळीत माझी पहिली कादंबरी आली. पाहून-सवरून, ठरवून झालेल्या लग्नानं एक मुलगी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, वाड्यात दुजवराच्या घरी येते. पहिल्या सुनेचा आत्मा तिला दिसू लागतो, आणि नवऱ्याशी मन जुळता जुळता पहिली कशी मेली याचा उलगडा होतो, अशी गोष्ट आहे. आता आमच्याच गावच्या वाड्यावरून वकिलाची नोटीस आली आहे : ‘आमच्या मयत सुनेची व वडीलधाऱ्यांची बदनामी केली. पंधरा दिवसांत पुस्तक मागे घ्या, पाच लाख द्या, नाहीतर अब्रुनुकसानीचा आणि जादूटोणा कायद्याखाली गुन्हा दाखल करू.’ तंटामुक्ती समितीनंही रविवारी बोलावलं आहे. काय करू?

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून छापत आहे.)

उत्तर : ताई, नोटिशीसोबत पुस्तकही पाठवलंत हे फार बरं केलं. मी ते पूर्ण वाचलं.

आधी रविवारचं सांगते. बैठकीला जा. त्याच गावात राहायचं आहे, न जाणं बरं दिसणार नाही. घरचं कुणीतरी सोबत घ्या. पण तिथे कोणत्याही कागदावर सही करू नका, माफीच्या तर मुळीच नाही. तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून चालू आहे, तिनं धुऱ्यावरची कितीतरी भांडणं मिटवली आहेत आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. तरी समिती म्हणजे कोर्ट नव्हे. एका तमिळ कादंबरीकाराकडून अशाच शांतता बैठकीत लिहून घेतलं होतं. तो समझोता त्यांच्यावर बंधनकारक नाही असं मद्रास उच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं, पण तोवर दीड वर्ष गेलं होतं. तुमच्यावर ती पाळी नको.

आता नोटीस. तिचा सगळा जोर मयत सुनेवर आहे. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, हे खरं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तसं स्पष्टीकरणच आहे. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात : ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता, आणि घरच्यांचं मन दुखवावं हा लिहिणाऱ्याचा हेतू होता. तुमच्या पुस्तकात नवी सून देवघरातले टाक चिंचेनं घासत असते. पहिलीच्या नावाचा टाक हातात येतो आणि तेवढा एकच कोमट लागतो. नवी तो पदरात धरून बसते. असं पान लिहिणारीला त्या बाईच्या माणसांना दुखवायचं होतं, हे सिद्ध करणं सोपं नाही. शिवाय मृताच्या अब्रूपोटी दिवाणी भरपाई वारसांना मिळत नाही. तेव्हा तिच्या नावानं मागितलेल्या पाच लाखांपायी झोप उडवून घेऊ नका.

मला काळजी वाटते ती पुस्तकातल्या दिराची. कायद्याला कादंबरीतल्या आत्म्याशी देणंघेणं नाही. जिवंत माणूस ओळखू येतो का, एवढंच तो पाहतो. मालगुजारी १९५१ साली गेली, पण वाडे आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव आपल्याकडे गावोगाव राहिले. नुसता वाडा, तलाव, बुडून मेलेली सून, यावरून कुणी ‘हे आमचंच घर’ म्हणालं तर ते टिकायचं नाही. मात्र तुम्ही पत्रात लिहिता की गावातली सून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तलावात सापडली. पुस्तकात दिवस तोच. पुस्तकातला दीर डाव्या पायानं लंगडतो आणि पितळी मुठीची काठी वापरतो. वाड्यावरचे म्हातारे गृहस्थही तसेच. तुम्ही आडनाव बदललं, गाव बदललं, काठी बदलली नाही. आणि पुस्तकात खुनी तोच निघतो.

‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पहिल्या पानावरची ओळ इथे वाचवत नाही. ‘तिले दिरानंच लोटलं असं सारं गाव म्हणते’ हेही नाही. ऐकीव गोष्ट छापणं म्हणजे ती स्वतः म्हणणंच. सत्य हा बचाव आहे, पण ते सिद्ध करावं लागतं आणि फौजदारी खटल्यात ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. त्या वेळी आकस्मिक मृत्यूची नोंद होऊन प्रकरण मिटलं, असं तुम्हीच कळवता. मग तुमच्या हातात पुरावा काय आहे?

तरी घाबरू नका. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत. दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करावी लागते, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या प्रक्रियेत दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष.

जादूटोणाविरोधी कायद्याची धमकी मात्र हसून सोडू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला तो हा २०१३ चा कायदा. त्यातले गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, आणि त्यातल्या ‘प्रचार’ या शब्दाच्या व्याख्येत पुस्तकही येतं. पण त्याची अनुसूची पाहा : भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी, साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं. हा कायदा जिवंत माणसाच्या छळाविरुद्ध आणि फसवणुकीविरुद्ध आहे. तुमच्या कादंबरीत भगत सुनेला धुरी देतो तेव्हा तिचा नवरा दार तोडून तिला बाहेर काढतो. याला प्रचार म्हणता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तरात त्या प्रसंगाचा पान क्रमांक द्या.

पंधरा दिवस ही मुदत त्यांनी घातली आहे, कायद्यानं नाही. तरी उत्तर वेळेत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टानं जाऊ द्या. छोटंच असू द्या : आरोप अमान्य, कुणालाही दुखवण्याचा हेतू नव्हता. व्हॉट्सॲपवर एक शब्दही लिहू नका. कच्च्या वह्या, खाडाखोडीसकट, जपून ठेवा.

प्रकाशकाबरोबरचा करारही काढा. ‘लेखनामुळे दावा झाल्यास सर्व खर्च लेखिकेचा’ असं कलम बहुतेक करारांत असतं. असेल तर प्रकाशक मागे सरकेल, हे आधीच धरून चला.

आणि पुढच्या आवृत्तीत दिवस बदला, काठी काढा, खुनी दुसऱ्या नात्याचा करा. ही माघार नाही. त्या म्हाताऱ्या माणसानं ते केलं की नाही, मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. आणि तो काही तुम्हाला उलट उत्तर म्हणून कादंबरी लिहू शकणार नाही. बदल करताना ‘कबुली न देता’ हे शब्द पत्रात असू द्या. टाकाच्या पानाला हात लावू नका.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. १५१०० वर फोन केला तरी चालेल. जाताना नोटीस, तिचं पाकीट, पुस्तक आणि करार एवढं सोबत न्या.