'कर्करोगपूर्व' की 'कर्करोगप्रवण'?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचकाने विचारलं आहे: आईची दुर्बिणीतून तपासणी झाली. रिपोर्टमध्ये 'इंटेस्टायनल मेटाप्लेशिया' असं होतं. भाच्याने मोबाइलवर मराठी अर्थ काढला, तर 'जठराच्या अस्तरातील कर्करोगपूर्व बदल' असं आलं. आई दोन दिवस धड जेवली नाही. कर्करोगपूर्व म्हणजे कर्करोग ठरलेलाच का? दुसरा मराठी शब्द नाही का?

तुमच्या आईंनी मराठी बरोबरच वाचली, घोटाळा शब्दात आहे. 'पूर्व' शेवटी जोडला की पुढची गोष्ट घडलेली तरी असते किंवा घडणार हे आपण धरून चालतो. स्वातंत्र्यपूर्व काळ म्हणतो तेव्हा स्वातंत्र्य मिळून गेलेलं असतं, प्रसूतिपूर्व तपासणी म्हटलं की बाळंतपण समोर असतं, मान्सूनपूर्व सरी आल्या की शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो. हाच 'पूर्व' आधी आला की इतका बांधून घालत नाही. पूर्वपरीक्षा देणारे सगळे काही मुख्य परीक्षेपर्यंत पोचत नाहीत. 'कर्करोगपूर्व'मध्ये मात्र तो शेवटी बसला आहे, आणि ऐकणाऱ्याला ती तारीखच वाटते.

मला इथे 'कर्करोगप्रवण' हा शब्द योग्य वाटतो. आपला जिल्हा अवर्षणप्रवण. म्हणजे दर साली दुष्काळ पडतोच असं नाही, पण तो पडू शकतो म्हणून पावसाकडे आणि पाण्याच्या साठ्याकडे डोळे लावून बसायचं. अपघातप्रवण वळणावरून रोज शेकडो गाड्या सुखरूप जातात, तरी तिथे फलक लागतोच. जोखीम आहे, लक्ष ठेवायचं आहे, निकाल लागलेला नाही: एवढं सगळं 'प्रवण' एका शब्दात सांगतो. नेदरलँड्समधल्या रुग्णनोंदींवरचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असा मेटाप्लेशिया असलेल्यांपैकी वर्षाला सुमारे ०.२५ टक्के, म्हणजे चारशेंत एकाला, जठराचा कर्करोग झाल्याचं दिसलं. आकडा तिकडचा आहे, पण 'पूर्व' किती जास्त बोलून जातो ते त्यावरून कळतं.

आता मूळ शब्द. 'मेटाप्लेशिया' ग्रीकवरून आला. 'मेटा'मध्ये पालट आहे आणि 'प्लेशिया'मध्ये घडण. इंटेस्टायनल म्हणजे आतड्याचा. जठराच्या अस्तरातल्या पेशी आतड्याच्या पेशींचं रूप घेतात. आतड्याच्या अस्तरावर टर्किश टॉवेलसारखे बारीक, उभे अंकुर असतात. मागावर चादर निघते आहे आणि तिच्यात मध्येच टॉवेलची वीण उतरली, असं समजा. धागे शाबूत आहेत, कापड धड आहे, पण ही वीण या जागची नव्हे. म्हणून मी याला 'वीणपालट' म्हणेन.

त्याच्या आधीची पायरी म्हणजे ॲट्रोफी. ग्रंथातला शब्द 'शोष'. पण घशाला शोष पडतो तो तहानेने, त्यामुळे इथे गल्लत होते. 'विरणे' किती नेमका आहे बघा! चादर विरली की पलीकडचं दिसू लागतं. दुर्बिणीतून डॉक्टरांना नेमकं तेच दिसतं: अस्तर फिकट पडलेलं, वळ्या कमी झालेल्या आणि खालच्या रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागलेलं. वीणपालट झालेल्या जागी राखाडी-पांढुरके, किंचित उंच चट्टे असतात. खास निळ्या-हिरव्या प्रकाशात त्यांच्या घडणीला फिकट निळी कड दिसते. यांना 'चट्टे'च म्हणावं, 'डाग' नको. डाग हा शब्द आपण अब्रूलाही लावतो.

डिस्प्लेशिया मात्र वेगळा. तिथे वीणच बिघडते. डॉक्टर पहिल्या दोन्हींना अवस्था मानतात आणि डिस्प्लेशियाला विकृती. मोबाइलवरचं भाषांतर तिन्हींवर एकच 'कर्करोगपूर्व' ठोकतं, यावर माझा खरा आक्षेप आहे. त्याच डच अभ्यासात तीव्र डिस्प्लेशियाचं वार्षिक प्रमाण सुमारे ६ टक्के होतं. ०.२५ आणि ६ यांना एकच नाव कसं चालेल?

'तुकडा काढला' हेही घरात घाबरवतं. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, म्हणून जठराच्या वेगवेगळ्या भागांतून कणाएवढे नमुने घेतात. ठरलेल्या पद्धतीत ते पाच असतात. 'नमुना घेतला' म्हणा.

आईंना असं सांगता येईल: "जठराच्या अस्तराची वीण काही ठिकाणी पालटली आहे. हा कर्करोग नाही, पण जागा जोखमीची आहे, म्हणून लक्ष ठेवायचं." आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला का, पालट जठराच्या किती भागांत आहे, आणि दुर्बीण पुन्हा कधी घालायची.