आधी घड्याळे जुळवा, मग सॉफ्टवेअर घ्या

इंटरनेटवर चालणाऱ्या फोनव्यवस्थेसाठी मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवण्याबद्दल पत्रे येत राहतात आणि त्यांतला गोंधळ एकच असतो. सॉफ्टवेअर आणले की आवाज सुधारेल, असे बहुतेकांनी धरून चालले आहे. सॉफ्टवेअर आवाज सुधारत नाही. बिघाड कुठे आहे ते दाखवते, आणि तेही तयारी नीट झाली असेल तरच. म्हणून या वेळी तयारीबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात १२० एक्स्टेन्शन आहेत. सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते? (सांगली)

नाव विचारण्याआधी आपल्या नेटवर्कचा नकाशा कागदावर काढा. कोणता फोन कोणत्या स्विचच्या (फोन आणि संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) कोणत्या पोर्टवर आहे, फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) आहे का, फोन सर्व्हर कुठल्या रॅकमध्ये आहे, बाहेरची लाइन कोणाची आणि राउटरचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे सगळे त्यात आले पाहिजे. हा कागद नसताना कोणी सॉफ्टवेअरचे नाव सांगितले तर तो निव्वळ अंदाज समजा. तुमचे रुग्णालय आहे, म्हणून आयसीयू, अपघात विभाग आणि रक्तपेढीचे फोन वेगळ्या रंगाने दाखवा. इशाऱ्यांची सोय सर्वांत आधी त्यांच्यासाठी करायची आहे. नकाशा झाला की फोन बसवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याला सोबत घेऊन प्रत्यक्ष रॅकपाशी तपासा.

प्रश्न : फोन सर्व्हरच्याच मशीनवर मॉनिटरिंग बसवले तर चालेल का? (अकोला)

नाही. ते मशीन बंद पडले तर बंद पडल्याचे सांगणार कोण?

प्रश्न : २०० एमबीपीएसची लाइन घेतली, तरी संध्याकाळी आवाज तुटतो. ५०० ची घ्यावी असे सगळे म्हणतात. मग मॉनिटरिंगची गरज उरेल का? (चाकण)

हे 'सगळे' कोण? त्यांतल्या एकाने तरी आकडेमोड केली आहे का? जी.७११ कोडेकवर (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची नेहमीची पद्धत) एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. एकाच वेळी ३० कॉल चालू असले तरी प्रत्येक दिशेला २.६ एमबीपीएसच्या आसपास. तुमच्या २०० मध्ये ते कुठल्या कुठे मावतात.

आवाज लहान तुकडे करून पाठवला जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. ही पॅकेट सेकंदाला ५० या वेगाने, दर २० मिलिसेकंदांनी निघतात. ती तशीच सारख्या अंतराने पोहोचायला हवीत. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (पॅकेट पोहोचण्याच्या अंतरातला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत आणि गळती (वाटेत हरवणारी पॅकेट) एक टक्क्याच्या आत असावी, हे सर्वसाधारण निकष आहेत. संध्याकाळी कारखान्याचा बॅकअप क्लाउडवर चढू लागला, की अपलोडची बाजू भरते, राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि बोलणे तुटते. दुपारच्या वेळी चारदोन पिंग (लाइन चालू आहे का ते पाहणारे छोटे संदेश) मारून 'लाइन एकदम ओके' म्हणणाऱ्याला हे दिसणारच नाही. तक्रारींच्या वेळा आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही नेटवर्क अभियंत्यासमोर ठेवा. आवाजाच्या पॅकेटांना डीएससीपी ४६ ची, म्हणजे 'यांना आधी जाऊ द्या' अशी, खूण लागते का आणि राउटर त्या खुणेला खरोखर मान देतो का, हे त्याच्याकडून तपासून घ्या. राउटरमधले 'एसआयपी एएलजी' (कॉल जोडणाऱ्या संदेशांत राउटरने आपणहून बदल करण्याची सोय) चालू आहे का, तेही विचारा. एकाच बाजूचा आवाज येण्याचे ते नेहमीचे कारण आहे. तोवर ५०० च्या अर्जावर सही करू नका.

प्रश्न : लॅपटॉपवर वायरशार्क (पॅकेट टिपून दाखवणारे सॉफ्टवेअर) टाकून तो स्विचला जोडला, पण एकही कॉल दिसत नाही. सॉफ्टवेअर खराब आहे का? (नाशिक, सातपूर एमआयडीसी)

सॉफ्टवेअर ठीक आहे, जागा चुकली आहे. पोस्टमन पत्र ज्याच्या त्याच्याच दारात टाकतो, तसा स्विच प्रत्येक पॅकेट ज्याच्या त्याच्या पोर्टलाच देतो. तुमच्या लॅपटॉपसाठी त्यांतले काहीच नव्हते. फोन सर्व्हरच्या पोर्टची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवायची असते, त्याला मिरर पोर्ट म्हणतात. साध्या अनमॅनेज्ड स्विचवर ही सोय नसते, त्यामुळे खरेदीच्या यादीत आधी स्विच येतो. एक जीबीपीएसच्या पोर्टवर दोन्ही दिशा मिळून दोन जीबीपीएसपर्यंत रहदारी होऊ शकते. ती एका एक जीबीपीएस मिरर पोर्टवर ओतली तर गर्दीच्या वेळी पॅकेट तिथेच गळतात आणि सॉफ्टवेअर ती गळती तुमच्या फोनच्या नावावर मांडते. शिवाय दोन फोनमधला आवाज सर्व्हरकडून जातो की फोन एकमेकांशी थेट बोलतात, यावर कुठे मोजायचे ते ठरते. हे फोन सर्व्हर ज्याने बसवला त्याच्याकडून समजून घ्या.

प्रश्न : पतसंस्थेच्या नऊ शाखा आहेत. शाखेतून '११ वाजता कॉल कटला' अशी तक्रार येते, पण मुख्य कार्यालयाच्या लॉगमध्ये (उपकरणांनी आपोआप ठेवलेल्या नोंदींत) ११ वाजता काहीच सापडत नाही. चांगले सॉफ्टवेअर घेतल्यास हे सुटेल ना? (कोल्हापूर)

सुटणार नाही. उलट महागडा गोंधळ वाढेल. तुमच्या पत्रात फोन सर्व्हर, राउटर, शाखेचे कनेक्शन या सगळ्यांची माहिती आहे, घड्याळांचा उल्लेख कुठेच नाही. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, आणि तयारीत ती नेहमी शेवटी ढकलली जाते.

आज एक साधी चाचणी करा. मुख्य कार्यालयातून एका शाखेला फोन लावा, वेळ लिहून ठेवा आणि मग तोच कॉल फोन सर्व्हरच्या, स्विचच्या, राउटरच्या आणि शाखेच्या लॉगमध्ये शोधा. एका ठिकाणी तो सहा मिनिटे आधी दिसेल, दुसऱ्या ठिकाणी साडेपाच तास मागे, कारण ते उपकरण भारतीय वेळेऐवजी अजून यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे. एखादा स्विच वीज जाऊन आल्यापासून १ जानेवारी १९७० च्या तारखेपासून मोजत असेल. अशा नोंदी कितीही सुंदर आलेखात मांडल्या तरी कॉल कटला तेव्हा शाखेची लाइन पडली होती का, हे कळणार नाही. मग फोनवाला लाइनवाल्याकडे बोट दाखवतो, लाइनवाला स्विचकडे, आणि शाखेतली कर्मचारी ग्राहकाची माफी मागत राहते.

उपाय महाग नाही. संस्थेत दोन मशीन वेळेचा स्रोत म्हणून नेमा. त्यांना बाहेरचे किमान तीन, शक्यतो चार एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) स्रोत द्या, म्हणजे एक चुकला तर तो ओळखता येतो. बाकी सगळी उपकरणे, फोनसुद्धा, या दोन मशीनकडून वेळ घेतील. एनटीपीचे संदेश ज्यातून जातात ते यूडीपीचे १२३ पोर्ट (स्विचवरचे भोक नव्हे, रहदारीच्या वाटेचा क्रमांक) फायरवॉलमध्ये अडलेले नाही ना, ते पाहा. फोन सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) असेल तर अधिक जपा. मशीन थांबवून पुन्हा सुरू केले की घड्याळ मागे राहू शकते.

हा प्रश्न कायद्याचाही आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळे मिळवायला सांगितले आहे. लॉग १८० दिवस जपण्याचे बंधनही त्यातच आहे. तुमच्या पतसंस्थेने त्यासाठी नेमके काय करायचे, हे सायबर सुरक्षा लेखापरीक्षकाकडून लेखी घ्या.

विक्रेता 'एका दिशेचा विलंब' दाखवत असेल, तर तो कसा काढला ते विचारा. जिटरला दोन्ही टोकांची घड्याळे जुळलेली लागत नाहीत. आरटीसीपीवरून (फोन एकमेकांना पाठवतात ते दर्जाचे अहवाल) काढलेल्या जाऊन-येऊन वेळेलाही लागत नाहीत. पण एका दिशेच्या विलंबाला लागतात. घड्याळांत १०० मिलिसेकंदांचा फरक असेल तर १५० च्या निकषाला काही अर्थ उरत नाही. घड्याळे जुळल्याची खात्री होईपर्यंत कोटेशन मागवू नका.

प्रश्न : विक्रेता 'एमओएस ४.८ ची हमी' देतो आणि ३० दिवसांची ट्रायल फुकट. घ्यावे का? (ठाणे)

एमओएस म्हणजे आवाजाच्या दर्जाचा १ ते ५ मधला आकडा. जी.७११ वर गणिताने येणारा हा आकडा सगळे सुरळीत असतानाही ४.४ च्या आसपास थांबतो. त्यामुळे ४.८ ची हमी देणाऱ्याला एक तर विषय कळत नाही, नाहीतर तो तुम्हाला फसवतो आहे. शिवाय असे सॉफ्टवेअर सहसा आवाज ऐकत नाही. गळती आणि जिटर यांवरून आकडा बांधते.

ट्रायल तुमच्या सर्वांत गर्दीच्या महिन्यात मागा. परवाना कशावर मोजतात ते आधी लिहून घ्या. काही ठिकाणी प्रत्येक मोजणीचा वेगळा सेन्सर धरतात आणि २४ पोर्टचा एकच स्विच डझनभर सेन्सर खाऊन जातो. करार एखाद्या त्रयस्थ अभियंत्याला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : दर्जा तपासण्यासाठी सगळे कॉल रेकॉर्ड करावे लागतील का? (पुणे, ग्राहकसेवा केंद्र)

लागत नाहीत. गळती आणि जिटर पॅकेटच्या शीर्षावरून मोजता येतात. एसआरटीपीने (आवाज सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) आवाज कुलूपबंद केला तरी ते शीर्ष उघडेच असते, म्हणून संभाषण न ऐकताही काम होते. 'असू दे, पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून पॅकेट साठवायची असतील तर हिशोब करा. जी.७११ चा एक कॉल दोन्ही दिशा मिळून मिनिटाला सुमारे १.४ एमबी घेतो. ३० कॉल आठ तास चालले तर रोजचे साधारण २० जीबी. त्याहून मोठा प्रश्न ग्राहकाच्या संमतीचा आहे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला आहे. रेकॉर्डिंगचे बटण दाबण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न : स्विचवर एसएनएमपीचा शब्द 'पब्लिक' आहे. तसाच ठेवू का? (लातूर)

एसएनएमपी म्हणजे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर स्विचकडून आकडे मागवते ती पद्धत, आणि 'पब्लिक' हा तिचा सगळ्यांना ठाऊक असलेला परवलीचा शब्द. तो बदला, आणि स्विचला जमत असेल तर एसएनएमपीची आवृत्ती ३ वापरा.

प्रश्न : सॉफ्टवेअर बसवणारा म्हणतो की दुरून काम करण्यासाठी ५०६० पोर्ट आणि रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा. (जळगाव)

उघडू नका. ५०६० हे कॉल जोडणाऱ्या संदेशांचे पोर्ट आहे. ते उघडे दिसले की पासवर्ड ओळखणाऱ्या स्वयंचलित टोळ्या लगेच ठोठावू लागतात. एक कमजोर एक्स्टेन्शन सापडले तर रातोरात परदेशी कॉलचे बिल तुमच्या नावावर चढते. दुरून काम करायचे असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद वाट), तोही ठरावीक मुदतीचा. काम संपल्यावर खाते बंद केल्याचे तुमच्या सुरक्षा सल्लागाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : आमचे हॉटेल आहे. आता सीझनची गडबड, जानेवारीनंतर बसवले तर? (कळंगुट, गोवा)

जानेवारीनंतर तुम्ही रिकाम्या खोल्यांचे फोन मोजणार का? बसवायला उशीर झाला तर होऊ दे, पण मोजमाप लगेच सुरू करा. नाताळाची गर्दी सुरू होण्याआधीचे दोन आठवड्यांचे आकडे हाताशी असतील तरच नाताळात आलेले आकडे वाईट आहेत की नेहमीचेच, हे कळेल. रिसेप्शन आणि रूम सर्व्हिसच्या फोनपासून सुरुवात करा. फोन सर्व्हर सांभाळणाऱ्याला याच आठवड्यात बोलवा. २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात स्विच किंवा राउटरच्या सेटिंगला कोणी हात लावणार नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्या.