सोर्तिलेजची फ्रेंच रेकॉर्ड मागवली आणि इंग्रजी आली? माझंही हेच झालं होतं

मित्रा, तुझी पोस्ट वाचून पोटात कालवलं रे. सोर्तिलेज या फ्रेंच हेवी मेटल बँडचा 'मेतामोर्फोझ' अल्बम म्हणून पैसे भरले, सुई टेकवली आणि त्यांचा गायक झूय चक्क इंग्रजीत गातोय, ठेवू की परत करू, आणि या लोकांनी असं का केलं, असं तू विचारलंयस. डिट्टो माझं झालं होतं.

मी नाव नीट वाचलं नाही, एवढीच चूक. लिस्टिंगमधला फोटो धूसर होता, मला वर्षभर शोधून मिळालेली ती पहिली कॉपी, म्हणून रात्री दीडला घाईत पैसे भरले. फ्रेंच नावाचा शेवट एस-ई असा होतो आणि इंग्रजीचा एस-आय-एस. पहिल्या ई वरच्या तिरक्या रेघेवर अजिबात जाऊ नकोस, मोठ्या अक्षरांत ती बरेचदा गाळतात. वरून पार्सल एका ऑफिसात अडकलं. इनव्हॉइस दिलं तर केवायसी मागितलं, ते दिलं तर म्हणे वर्णन जुळत नाही, आणि कोणतं वर्णन ते काही कोणी सांगेना! तीन खेपा, दोन अर्ध्या रजा. ड्युटी भरून घरी आणली आणि मग कळलं की हे ते नव्हेच. परत पाठवायचं पोस्टेज ऐकून मी ठेवून घेतली, पण तुझा विक्रेता लिस्टिंगची चूक मान्य करत असेल तर तू आधी पैसे माग. (नियमांचा मी जाणकार नाही, माझ्या वेळचं सांगतोय.)

आता बँडचं. 1981 ला हे पॅरिसकडचे पोरगे ब्लड वेव्ह नावाने सुरू झाले, मग सोर्तिलेज, म्हणजे जादूटोणा. गिटारवर आणि ड्रम्सवर द्यूमाँ बंधू, टोपणनावं ईल आणि स्नेक. 1983 ची पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) डच लेबलने काढली, 1984 ला 'मेतामोर्फोझ', 1986 ला 'लार्म द एरो', आणि त्याच वर्षी बँड फुटला. पाच वर्षांत सगळं संपलं, याचं मला अजून वाईट वाटतं. दोन्ही अल्बम इंग्रजीतही गाऊन घेतले होते. ट्रस्ट या दुसऱ्या फ्रेंच बँडनेही 1980 चा 'रेप्रेसियाँ' अल्बम इंग्रजीत केलेला, म्हणजे तेव्हा बाहेर जायचा हाच रस्ता वाटत असणार.

बँड फुटायला पन्नास कारणं असतात, पण माझं स्पष्ट मत आहे की त्या इंग्रजीने त्यांना काही दिलं नाही. इंग्लंड-अमेरिकेत नाव झालं नाही ते नाहीच. झूयचा तो उंच आवाज फ्रेंच अनुनासिकांवर असा काही लांबतो की 'इम्न आ ला मॉर' ऐकताना अंगावर काटा येतो, तीच चाल इंग्रजीत ऐकली की शब्द कोंबल्यासारखे वाटतात. आणि गाणी कसली तर सायक्लॉप्स, हर्क्युलिस, ड्रॅगन, ती आपल्या भाषेत गाणाऱ्याच्या तोंडीच शोभतात. डेथ या अमेरिकन मेटल बँडचा चक शुल्डिनर सोर्तिलेजचा चाहता होता. ट्रस्टचं 'आंतिसोसियाल' हे गाणं अमेरिकन बँड अँथ्रॅक्सने 1988 ला इंग्रजीत केलं आणि पुढच्या वर्षी फ्रेंचमध्येही गायलं, म्हणजे अमेरिकन लोकांनासुद्धा फ्रेंच चाललं की!

अजून एक, सोर्तिलेजच्याच नावाने आलेला 2021 चा 'फीनिक्स' अल्बम बघून जुनी गाणी मिळाली म्हणून घेऊ नकोस. त्यात बरीच जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड केलीत, झूय तोच पण बाकी लाइनअप बदललेली. वाईट नाहीये, पण 1984 चा आवाज तो नव्हे.

पुढच्या वेळी विक्रेत्याकडे रेकॉर्डच्या मधल्या लेबलचा जवळून फोटो माग, कव्हरचा नको. त्यावर 'माजेस्ते' या गाण्याचं नाव शोध, शेवटचं अक्षर ई असेल तर फ्रेंच, वाय दिसला तर ते इंग्रजी, घेऊ नकोस. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर सरळ दुसरा विक्रेता बघ.