'ऊर्फ'च्या अलीकडचं नाव खरं की पलीकडचं?

तासगावकडच्या एका वाचकाने जुन्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीची, नक्कल पाठवून विचारलंय: पणजोबांची नोंद 'दगडू ऊर्फ रामचंद्र वलद खंडू' अशी आहे (खंडू हे त्यांचे वडील), घरात मात्र त्यांना सगळे तात्या म्हणायचे. मग खरं नाव कोणतं?

शब्दापुरतं बोलायचं तर ऊर्फनंतर येतं ते लोकांच्या तोंडातलं नाव. ऊर्फ अरबीतून आला, 'जाणणे, ओळखणे' या अर्थाच्या धातूपासून. आपले मार्फत आणि तारीफ हे त्याचेच भाऊबंद. 'बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब' ही सरळ घडण: आधी ठेवलेलं, मग चालणारं. पण तलाठी काही व्युत्पत्ती बघून फेरफार लिहीत नाही. त्याला मागच्या नोंदीशी मेळ घालायचा असतो, म्हणून बऱ्याचदा जुन्या कागदावरचं नाव आधी पडतं आणि वारस सांगतील ते ऊर्फनंतर. तुमच्याकडे तसंच झालं असावं.

आणि दगडू म्हणजे टोपणनाव असं धरून चालू नका. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू ठेवायचे. दगडाला कोण नजर लावणार? बारशातच ठेवलेलं नाव ते. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, दगडूच्या जन्माआधीची चारपाच वर्षं चाळा, खंडूच्या नावापुढे तान्ह्या मुलांचे मृत्यू सापडले तर नवल नाही. (मुलींच्या वाट्याला 'नकुशी' आलं. साताऱ्यात 2011 साली अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभाने नवी नावं दिली. त्यांची नातवंडं कागद शोधायला बसतील तेव्हा त्यांनाही हाच ऊर्फ आडवा येणार.)

राहिला तात्या. ते नाव नव्हेच, घरातली जागा आहे. थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही, सुनेनं तर नाहीच, म्हणून अण्णा, आबा, बापू, तात्या. माझ्या आजीच्या तोंडून आजोबांचं नाव मी उखाण्याबाहेर कधी ऐकलं नाही. एक तात्या गेला की पुढच्या पिढीत दुसरा तयार असतो. आमच्या 'आबां'साठी मी रेकॉर्ड रूमला दोन खेपा घातल्या आणि घेऊन काय आलो, तर चुलतआजोबांचे उतारे! उलटंही होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांना 'अण्णा' म्हणत, ती हाक. पण येडे मच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं 'नाना' हे नावच. तेव्हा कागदावर तात्या दिसला तरी लगेच खोडू नका.

मोडी नक्कल असेल तर आणखी जपून. मोडीत शब्द तोडत नाहीत, ह्रस्वदीर्घही पाळत नाहीत. दगडू, ऊर्फ आणि रामचंद्र एकाच ओळीत सलग वाहत जातात.

माझं ऐकाल तर 'वलद'ला धरा. वलद किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' असेल तर अमक्याची बायको. पणजीचं नाव लग्नात बदललेलं असणार, पण कोमपुढचा नवरा तिला बरोबर जागेवर आणून बसवतो. दुसरं, सर्व्हे नंबर सोडू नका. 1947 च्या कायद्याने जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तिथे नंतर गट नंबर पडले, म्हणून जुना सर्व्हे आणि नवा गट जुळवणारा उतारा मागून घ्या. आणि पणजोबांना तात्या म्हणायला सुरुवात कुणी केली, मुलांनी की पुतण्यांनी, हे घरातल्या थोरल्या आत्याला आजच विचारा.