नशा सोडल्यानंतरची झोप

प्रश्न : माझा मुलगा 23 वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत पांढऱ्या भुकटीची पुडी सापडली. आधी त्याने कानांवर हात ठेवले; मग ‘एमडी आहे, शनिवारी मित्रांबरोबर घेतो, व्यसन नाही’ असे कबूल केले. गेल्या काही महिन्यांत तो फार वाळला आहे, रात्र-रात्र जागतो आणि कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे म्हणतो. आठवड्यापूर्वी ‘सोडले’ म्हणाला आणि तेव्हापासून तो नुसता झोपून आहे. यजमानांना हा आळस वाटतो. एका नातेवाइकाने असे केंद्र सुचवले आहे की तिथली माणसे गाडी घेऊन येतात आणि मुलाला उचलून नेतात. पोलिसांच्या भीतीने आम्ही अजून डॉक्टरांकडे गेलेलो नाही. काय करावे? — एक आई, जळगाव

उत्तर : ताई, आधी त्या झोपेविषयी सांगतो, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट तीच आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते मेंदूतील डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायने एकदम मोकळी करते. त्यामुळे काही काळ उत्साह, बडबड आणि जवळीक यांना उधाण येते, भूक आणि झोप मरते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. हा अंमल दोन-तीन तासांत उतरतो आणि उतरताना इतके रिकामे वाटते की माणूस त्याच रात्री पुन्हापुन्हा पुडी उघडतो. ‘फक्त शनिवारी’ म्हणणारा मुलगा खोटेच बोलत असेल असे नाही, पण त्या एका शनिवारी त्याने किती वेळा घेतले याचा हिशेब त्याच्यापाशीही नसतो.

घेणे थांबले की याच्या उलटे घडते. गाढ झोप, खा-खा किंवा अन्नावरची वासनाच उडणे, कशातच रस न वाटणे आणि खोल उदासी हे सारे काही दिवस, कधी काही आठवडे चालते. दारू सोडताना हात थरथरतात, अफूजन्य पदार्थ सोडताना अंग मोडून येते, म्हणून घरच्यांना त्रास दिसतो. इथे मुलगा शांत पडून असतो आणि घर त्याला आळशी ठरवते. याच दिवसांत आत्महत्येचे विचार येण्याचा धोका मोठा असतो. त्याच्याशेजारी बसून ‘जगू नये असे वाटते का?’ हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. घरातल्या कोणाच्या झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या त्याला मुळीच देऊ नका.

पाळतीचा संशय हा उत्तेजक द्रव्यांमुळे होणाऱ्या मनोविकाराचा भाग असू शकतो. त्यावर त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याच्या होला होही करू नका; ‘तुला भीती वाटते आहे, ती कमी करायला डॉक्टरांकडे जाऊ’ एवढेच म्हणा. त्यासाठी औषधे आहेत. मेफेड्रोनची ओढ थांबवणारी खास गोळी मात्र नाही. तिथे समुपदेशन, नियमित तपासणी, झोप-जेवणाची घडी आणि मित्रांचा तो गट तुटणे यांवरच काम करावे लागते, आणि त्याला महिने लागतात.

पोलिसांविषयी. मेफेड्रोन 2015 च्या फेब्रुवारीत अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. तोवर ते मोकळे होते, म्हणून ‘साधे’ समजले गेले, आणि तो समज अजून गेलेला नाही याचे मला फार वाईट वाटते. बाळगणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. मात्र 1985 च्या याच कायद्यातील कलम 64अ नुसार, स्वतःहून सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीवर सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तेव्हा याच आठवड्यात सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठा. त्याआधी बोलायचे असल्यास 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन आहे.

त्या गाडीला मात्र ठाम नकार द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक स्थितीही येतात. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे, आणि इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर एका मनोविकारतज्ज्ञाने व आणखी एका मानसिक आरोग्य तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासावे लागते. फरपटत नेलेला मुलगा परत आल्यावर पहिला विश्वास गमावतो तो आईवरचा. केंद्र निवडायचेच तर त्याची नोंदणी पाहा, तिथे मनोविकारतज्ज्ञ येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का ते विचारा. 1986 मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची रीत महाराष्ट्राला दाखवली, तशी रीत जिथे दिसेल तिथे जा.

प्रश्न : गोव्यात पार्टीत मित्राने एक्स्टसी ही नशेची गोळी घेतली. अंग तापले, दातखीळ बसल्यासारखे झाले, तो असंबद्ध बोलू लागला. आम्ही भरपूर पाणी पाजून त्याला खोलीत झोपवले. सकाळी तो बरा होता. आमचे बरोबर होते का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही. तो वाचला, पण त्या रात्री 108 ला फोन करायला हवा होता. या गोळीने शरीराचे तापमान जिवावर बेतेल इतके चढू शकते आणि दमट हवेत तासन्‌तास नाचल्याने ते आणखी वाढते. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला मोकळ्या हवेत न्यावे, कपडे सैल करून ओल्या फडक्याने अंग पुसत राहावे, पंखा लावावा आणि शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावे. ही गोळी शरीरात पाणी धरून ठेवते. त्यात भराभर पाणी पाजले तर रक्तातील सोडियम उतरून मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून तहान असेल तर घोटभरच द्यावे आणि गुंगीत असलेल्याला काहीच पाजू नये. पॅरासिटामोलने हा ताप उतरत नाही. गोळीचा तुकडा उरला असेल तर तो डॉक्टरांच्या हाती द्या आणि काय, किती वाजता, दारूबरोबर घेतले का, हे त्यांना खरे सांगा. त्यावरच त्यांचे पहिले इंजेक्शन ठरते.